झनककाकांचा न बाटलेला रस्ता

इंजिनाचा आवाज आला की झनककाका सायकलवरून उतरतात. दोन्ही हातांनी सायकल उचलून शेजारच्या धानाच्या बांधीत नेऊन ठेवतात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. जुन्या काळी सुना सासऱ्यासमोर उभ्या राहत, अगदी तसे. मग धूळ बसली की कुणालाच उद्देशून नसलेला एक शब्द बोलतात.

"बाटला."

झालं. तो रस्ता त्यांच्यासाठी कायमचा गेला. पुन्हा त्या वाटेला सायकल लावायची नाही. मी त्यांच्यासोबत जायला लागलो तोवर गोंदियाभोवतीचे डांबरी, सिमेंटचे, मुरमाचे, झाडून सगळे रस्ते बाटून झाले होते. उरल्या होत्या तीन-चार पांदणी, दोन बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, पाळी आणि एक खरा रस्ता. फुलचूरच्या मागून नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या बांधावर, चढायचं आणि धानाच्या बांध्यांमधून पार बिरसीच्या शिवारापर्यंत जायचं. सतरा किलोमीटर. वाटेत एकही इंजिन नाही.

काकांच्या गमती सांगायला बसलोय, पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी राहून जाईल. तो शेवटचा रस्ता मी बाटवला. आणि बाटवून साडेचार महिने त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पीत राहिलो.

मी बोलणारा माणूस नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, बरण्यांवर लेबलं चिकटवली. त्या कामात बोलावं लागत नाही. पन्नाशीला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. म्हणून एका सकाळी शेजारच्या काकांना विचारलं, येऊ का सोबत? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कान कसे हायेत?"

"कान?"

"कान, कान. पाय नाही विचारले मी."

कान चांगले आहेत म्हटलं. तेव्हापासून मी काकांचा 'परफेसर' झालो आणि माझी जागा ठरली: वीस सायकली मागे. दर पाच मिनिटांनी पुढून आरोळी यायची.

"काय ऐकू येऊन राह्यलं गा?"

"काही नाही काका."

"काही नाही कसं? डाव्या अंगाले टॅक्टर हाये. तीन सिलिंडरचं. त्यातलं एक मिसिंग मारून राह्यलं. कान हायेत का भजे हायेत?"

आणि खरंच, दोन मिनिटांनी डाव्या अंगाला, अर्धा किलोमीटर पलीकडे ट्रॅक्टर दिसायचा. काका एकतीस वर्षं राइस मिलमध्ये इंजिन मिस्त्री होते. आवाजावरून बेअरिंगचं वय सांगायचे. निवृत्त झाले त्या दिवशी, म्हणे, घरी येऊन त्यांनी आधी मिक्सर बंद केला आणि पाटा-वरवंटा बाहेर काढला.

त्यांचे नियम होते. पाण्याचा पंप मोजायचा नाही, कारण "ते एका जागी बसून बोंबलते, माझ्यासारखं." कापणीच्या दिवसांत मळणीयंत्राला माफी. बिरसीला विमान शिकणारी पोरं सकाळी लहान लहान विमानं डोक्यावरून फिरवतात. मी एकदा भीत भीत विचारलं, याचं काय?

"ते वरून जाते. तुले कधी हॉर्न मारला का त्यानं, बाजूले हो म्हणून?"

सगळ्यांत जास्त राग बॅटरीच्या रिक्षांवर. त्यांना ते 'मुकी' म्हणत. मुकी दिसली की काकांचा चेहरा पांढरा पडायचा. बिनआवाजाच्या गाडीला हा माणूस का घाबरतो, ते मला समजत नव्हतं. एका गुरुवारी समजलं.

गुरुवारी काका मला नेत नसत; त्या गुरुवारी पहिल्यांदाच बोलावलं, आणि ते एकटे नव्हते. कौसल्याकाकी लेडीज सायकल धरून फाटकात उभ्या होत्या. नऊवारीचा काचा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, वेणीत अबोलीचा गजरा. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या होत्या. मी म्हटलं, "काकी, तुम्हीपण?" तर हसून म्हणाल्या, "हो ना, आज भल्ली थंडी हाये."

काकींना ऐकू येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. फक्त काकींना मान्य नाही. नागपूरच्या मुलानं कानातलं यंत्र आणून दिलं, ते देवघरात गणपतीशेजारी ठेवलेलं आहे. रोज हळदकुंकू वाहतात त्याला. "मले कायले पाह्यजे? देवाले असू दे," म्हणतात. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाजानं उत्तर देतात, आणि दहातली सहा उत्तरं बरोबर येतात. हे आपल्या परीक्षेच्या निकालापेक्षा चांगलंच आहे.

त्या गुरुवारी काका पुढे, काकी मध्ये, मी मागे. नहराच्या पाळीवर चढताच काकींनी जे पायडल मारलं, ते विचारू नका. मोठ्यानं गाणं म्हणत होत्या. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सूर चारही दिशांना जात होता, पण काय आनंद होता त्या आवाजात! पुढून काका मान वळवून बघत, त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मागे. माझ्याकडे. मी काही ऐकलं का ते बघत.

सहा दिवस काका रस्ते तपासायचे, ते सातव्या दिवसासाठी, काकींच्या गुरुवारासाठी. समोरून येणारं ते पाहतील. मागून येणाऱ्यासाठी कान हवे होते, म्हणून मी. मुकी मात्र माझ्याही कानांना चुकली असती.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही दोघंही तसलेच.

आता माझा पराक्रम.

किलोमीटर मोजायला म्हणून मुलीनं माझ्या फोनवर नकाशा घालून दिला होता. पाळीवरून जाताना तो उघडला की मी, म्हणजे एक निळा ठिपका, कोऱ्या पांढऱ्या जागेतून सरकताना दिसे. रस्ता नाही, नाव नाही, काही नाही. ज्या बरणीवर लेबल नाही ती बरणी मला बघवत नाही. पौषातल्या एका रविवारी मी खुर्ची ओढून बसलो आणि नकाशातल्या 'सुधारणा सुचवा' या जागी बोटानं ती रेघ ओढली. कुठून कुठपर्यंत, सगळं नीट. शेवटी त्यानं विचारलं, हे काय आहे? पायवाट, सायकलची वाट, की रस्ता?

पायवाट म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. काकांचा एवढा लाडका रस्ता. मी 'रस्ता' निवडलं.

आठ दिवसांनी संदेश आला: तुमचे योगदान मंजूर झाले आहे. इतक्या वर्षांत माझं कुठलं योगदान कुणी मंजूर केल्याचं आठवत नाही. मी दोनदा वाचला.

वैशाखात आमच्या बाजूच्या डांबरी रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढला. वाहनं दुसरीकडून वळवली. कुठून, ते नकाशानं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार. पहाटेचं गार होतं, उन्हाळी धान पिवळं पडत आलं होतं. काका पुढे, काकी मध्ये गात, मी मागे. वळणावरून वरात आली. रात्रीचं लग्न लावून परतणारी. पुढे फुलांची गाडी, मागे पाच-सहा जीपा, आणि त्यांच्या मागे डीजेचा ट्रक, आवाज बंद पण दिवे चालू. काकांनी पाळीच्या मधोमध सायकल आडवी लावली आणि हात वर केला.

नवरदेवाचा मामा उतरला. "काय गा बुढ्या, बाजूले हो ना!"

"हा रस्ता नोहे."

"नोहे कसा? हे पाह्य, मॅप दाखवून राह्यला."

"कोन दाखवून राह्यला?"

"मॅप."

"त्याले उतरव खाली. मी बोलतो त्याच्याशी."

मामानं फोन काकांच्या नाकासमोर धरला. पांढऱ्या पडद्यावर माझी रेघ. मी ओढलेली, नहराच्या वळणावर जिथं माझं बोट थोडं घसरलं होतं, तिथं तशीच घसरलेली. मी वीस सायकली मागे उभा होतो. 

काकी तेवढ्यात सायकल लावून गाडीच्या काचेशी गेल्या होत्या. आत डोकावून म्हणाल्या, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा, "नवरी झोपली वो बिचारी! नवरदेव जागाच हाये!" वरात हसली. मागच्या गाड्या मागे घेणं शक्यच नव्हतं. शेवटी काकांनीच स्वतःची सायकल बांधीत उतरवली, मग काकींची, मग काकींचा हात धरून त्यांना उतरवलं आणि त्यांच्या अंगाशी आडवे उभे राहिले. एकेक गाडी वीतभर अंतरानं गेली. काकी प्रत्येक गाडीला हात हलवत होत्या.

धूळ बसली. मी 'बाटला' ऐकायची वाट बघत होतो. काका तो शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "कोनं केलं असल हे, परफेसर?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "शोधावं लागेल."

आणि शोध सुरू झाला. संशयित रोज बदलत. सारस बघायला येणारे कॅमेरेवाले. नहराचा चौकीदार. "सरपंच मुरूम नेऊन राह्यला, त्याचंच काम." सकाळी संशयिताचं नाव ठरायचं, संध्याकाळी सुटका व्हायची. तपासाचा लेखनिक मी. कलेक्टर ऑफिसला अर्ज द्यायचं ठरलं. "तुझी मराठी साफ हाये. लिव."

मी माझ्याच विरुद्ध अर्ज लिहिला. माझ्याच अक्षरात. 'कोणा अज्ञात इसमाने सदर नहराची पाळ रस्ता म्हणून दाखविली असून…'

"अज्ञात काऊन? नालायक घाल."

"काका, अर्जात तसं चालत नाही. बेजबाबदार घालतो."

"बेजबाबदारही घाल. पहिले नालायक घाल."

'नालायक व बेजबाबदार अज्ञात इसमावर कडक कारवाई व्हावी.' खाली त्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून मी. रात्री जेवण जाईना. बायको म्हणाली, साखर वाढली असेल.

मी गुपचूप ती रेघ पुसायचाही प्रयत्न केला. तीनदा. उत्तर आलं: या रस्त्यावरून नियमित वाहतूक होत असल्याचे आढळते. बदल नामंजूर.

काकींचं बाहेर पडणं बंद झालं. काकांनी कारण सांगितलं नाही. गुरुवारी ते फक्त काकींचे बूट लपवून ठेवत. काकी ओट्यावर बसून सायकलच्या तारा एकेक करून पुसत. मला पाहिलं की हातानं पायडलची खूण करून भुवया उंचावत: कधी? मी आकाशाकडे बोट दाखवायचो, ऊन फार आहे म्हणून. खुणेत वाक्य बनवायची सोय नव्हती, तरी खोटं बोलता येत होतं.

मग काका भाचीच्या सासरी तेरवीला म्हणून पहिल्या रेल्वेनं (ती आपल्या रुळावरच राहते, म्हणून तिला माफी) सौंदडला गेले. मी दात घासत अंगणात उभा होतो. समोरून काकी निघाल्या. सायकलवर. पायात माझ्या ओळखीचे नसलेले, नवे बूट.

"काकी!" मी ओरडलो. ओरडून काय होणार होतं? तोंडातली पेस्ट थुंकून, लुंगीवरच सायकल काढली. पाळीवर चढेपर्यंत त्या दोनशे हात पुढे. गाणं चालू. आणि माझ्या मागून तो आवाज आला. सहा सिलिंडर, भरलेला, गिअर बदलत. काकांनी शिकवलेलं सगळं एका क्षणात आठवलं. रेतीचा टिप्पर होता. पाळ जेमतेम त्याच्याएवढी रुंद.

पुढे जाऊन त्यांना थांबवावं, तर माझा दम संपलेला. मागे वळलो. पाळीच्या मधोमध सायकल आडवी टाकली आणि तिच्यामागे उभा राहिलो. पायजमासुद्धा नाही अंगावर. टिप्पर हॉर्न वाजवत वाजवत आला आणि चार हातांवर थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"ओ चाचा, मरना है क्या? साइड दो!"

"नहीं. वो आगे वाली जाने दो पहले."

"हॉर्न दिया ना उनको! सुनती नहीं क्या?"

"नहीं सुनती."

त्यानं पुढे काकींकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो रोड पे काय को आती है? ये गाड़ी का रोड है. मॅप में देखो."

"वो मैंने डाला है मॅप में," मी म्हणालो. "गलती से. ये रोड नहीं है. उनकी साइकिल का रस्ता है. मैंने बिगाड़ा."

साडेचार महिन्यांत जे जमलं नाही, ते एका अनोळखी माणसाला, तेही लुंगीवर, सांगून झालं. त्यानं मला नीट पाहिलं. इंजिन बंद केलं. विडी पेटवली. त्या शांततेत काकींचं गाणं लांबून येत राहिलं आणि हळूहळू, ठिपका होत होत, थांबलं. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

काका संध्याकाळी परतले. मी ओट्यावर बसून होतो. पिशवी खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं. नकाशा, रेघ, 'रस्ता' निवडला ते, अर्ज, टिप्पर, सगळं. मान वर न करता. 

काकांनी पिशवी खाली ठेवली. माझ्या अंगावर धावून येतील असं वाटलं होतं. आले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या शेजारी बसले.

"नालायक तूच मग," म्हणाले.

"हो."

"आन अर्जही तुयाच हातानं लिवला."

"हो काका."

आत काकी भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता, त्यांना कळत नाही म्हणून.

"मिलमध्ये लागलो तवा शेटनं दोन खोल्या दाखवल्या," काका म्हणाले, मला नव्हे, समोरच्या भिंतीला. "एक मागं, गोदामाच्या तिकडं. टिनाची. पावसात गळे. दुसरी इंजिनघराच्या भिंतीले लागून. पक्की. नळ दारातच. मी पक्की घेतली. ती म्हणे, धडधड होते वो. मी म्हनलो, सवय होईल."

आत एक पातेलं आपटलं.

"झाली सवय. एकतीस वर्षं त्याच भिंतीपाशी सैपाक केला तिनं. मी त बाहेर फिरे, शेतात जाय, शहरात जाय. ती तिथंच. इंजिनात काय बिघडलं ते मी झोपेतून उठून सांगे. घरात काय बिघडून राह्यलं, ते नाही समजलं मले."

"काकींना बोललात कधी हे?"

"बोललो असतो. समजलं तवा तिचे कान गेले होते. हळू बोललो त तिले ऐकू येत नाही. आन ओरडून सांगायची गोष्ट नोहे ते, परफेसर. सारं फुलचूर ऐकल."

"लिहून…"

"तिले वाचता येत नाही."

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं, अंदाज बांधला आणि म्हणाल्या, "तेरवीचं जेवन चांगलं झालं नाही वाटते."

काकांनी अर्ज मागे घेतला नाही. "नाव कलेक्टरलेच शोधू दे," म्हणाले. पण पुढच्या गुरुवारी मला उठवायला आले.

आता आम्ही बोडीच्या मागून जातो. तिथं रस्ता असा नाहीच. धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, वाट जाते आणि सात ठिकाणी ती तुटलेली आहे. सायकली खांद्यावर घेऊन उतरायचं आणि चढायचं. कुठलंच इंजिन तिथं येऊ शकत नाही. काकांना ही वाट आधीपासून ठाऊक होती, पण एकट्यानं दोन सायकली उचलवत नव्हत्या आणि मला कधी म्हणाले नाहीत. काकींची सायकल आता मी उचलतो, माझ्या सायकलीची फेरी झाली की. भल्ली जड आहे. माझी साखर उतरली आहे. फोन घरीच ठेवतो.

मागच्या गुरुवारी तिसऱ्या तुटीशी काकी काचा खोचून पुढे चढल्या आणि धुऱ्यावरून चालू लागल्या. काका त्यांच्या मागे, सायकल हातात धरून. दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर. मी खालून वर आलो तेव्हा काका बोलत होते. काकींच्या पाठीकडे बघत, ओरडून नाही, पुटपुटूनही नाही. घरात नवरा-बायको बोलतात तशा साध्या आवाजात. थांबत होते, पुन्हा बोलत होते. काकी मान डोलावत पुढे चालल्या होत्या, त्यांच्याच कुठल्या तरी चालीवर.

माझे कान चांगले आहेत. मी काकींची सायकल खांद्यावरून उतरवली, धुऱ्यावर ठेवली आणि ते दोघं पुरेसे लांब जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.